कोरड्या लाकडाचा पाहुणचार

५ मार्च

ताई,

नमस्कार, खुशाली सगळं मागाहून. आधी बातमी ऐक. डबा चालला! चालला कसला, धावला!

फोन केला असता, पण तुझ्या पावाच्या भट्टीशेजारी फोन म्हणजे तू 'काय? काय?' करणार आणि मी घसा फोडणार. शिवाय ही ओरडून सांगायची गोष्ट नाही, नीट क्रमाने सांगायची आहे.

तुझं मागचं पत्र आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तुमच्या धुराड्याविरुद्ध तक्रार केली, नगरपालिकेच्या तपासणीच्या बाई वीस एप्रिलला येऊन बघणार, काळा धूर दिसला तर धुराड्याला सील आणि भट्टी कायमची थंड. आणि हे तू लिहिलंस असं, जणू दूधवाला बदलतेयस. अगं, भावोजींचं अर्धं आयुष्य त्या भट्टीपुढे उभं राहून गेलं. ती थंड झाली तर ते काय करणार? विजेच्या भट्टीची बटणं दाबणार?

दोष भट्टीचा नाही, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. दोष ओलीचा. ओलं लाकूड पेटवलं की आग आधी पाणी उकळत बसते. निम्मा जोर तिथेच संपतो. आच मंद होते, आणि मंद आचेत लाकडातून निघालेला वायू न जळताच वर पळतो. तोच तुमचा धूर. म्हणजे धूर हे न जळलेलं लाकूडच आहे, आणि ते तुम्ही रोज वरच्या बाईंच्या चादरींना भेट पाठवता.

म्हणून मी थंड मासळी नेणाऱ्या एका बाद ट्रकचा डबा आणून वखारीत ठेवला. त्याच्या भिंती जाडजूड. ज्या भिंती गारवा आत धरतात त्या ऊबही आत धरतात, भिंतीला काय कळतंय! बायको म्हणाली, "आधी मासळीचा वास घालवा, नाहीतर ताईंकडे मांजरंच गिऱ्हाईक म्हणून येतील." इतका धुतला की आता त्यात बसून जेवता येईल.

डब्याबाहेर एक शेगडी केली. तिच्यात साली आणि भुसा जाळतो. तिचा धूर आत जात नाही, नळातून फक्त तापलेली हवा जाते. आत पंखे. लाकूड आधीच फोडलेलं, कारण साल म्हणजे लाकडाचा रेनकोट. तो अंगात ठेवून कोण वाळणार? फोडलेले तुकडे जाळीच्या पिंजऱ्यांत, मध्ये हवा फिरेल अशा फटी ठेवून.

आता खरी गंमत. सगळ्यांना वाटतं, भरपूर तापवलं की वाळलं. साफ चूक. पहिल्या खेपेला मी शेगडी भडकवली, तर तुकडे बाहेरून खडखडीत आणि फोडून बघावं तर आत ओल! बाहेरचा थर घाईत वाळून बसला आणि आतलं पाणी कोंडलं. म्हणून आता सुरुवातीला झडपा बंद ठेवतो. डबा मुद्दाम दमट राहू देतो, लाकूड गाभ्यापर्यंत तापू देतो, आणि मग एकेक झडप उघडतो. दमट हवा बाहेर, कोरडी हवा आत. गरम हवा पाणी उचलते खरी, पण तिला वेळेवर दार दाखवलं नाही तर ती उचललेलं पाणी लाकडालाच परत करते. हे मला कुणी शिकवलं नाही, ताई. डब्यानेच शिकवलं.

ठरावीक तुकडे रोज तोलायचे. वजन घटायचं थांबलं की समजायचं, आता काढण्यासारखं पाणी राहिलं नाही. काल थांबलं! तुकडा फोडला, गाभ्यात ओल मोजायच्या यंत्राच्या दोन्ही सुया टोचल्या, आकडा आला बारा टक्के. आत गेलं तेव्हा पन्नासच्या घरात होतं. आणि दोन तुकडे एकमेकांवर आपट, टणटण वाजतात. ओले तुकडे नुसते धप्प म्हणतात, पोतं झोडपल्यासारखे.

गुरुवारच्या मालगाडीने पाठवतोय. वीस एप्रिलपर्यंत सहज पुरेल. उघड्यावर टाकू नको. पाहुण्यासारखं ठेव.

तू ठेवलेल्या नावाला अखेर जागलेला,
खटपट्या

१३ मार्च

खटपट्या,

लाकूड आलं आणि तुझं पत्रही आलं. दोन्हींत जड काय होतं सांगता येत नाही.

पण काय रे ते लाकूड! काडी लावली मात्र, ज्वाला अशी उठली की मी दोन पावलं मागे. हे बाहेर गेले, धुराड्याकडे मान वर करून उभे राहिले, आत आले आणि म्हणाले, "दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"धूर."

मग पुन्हा बाहेर गेले आणि पुन्हा बघून आले. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी यांना दोनदा मान वर करून बघताना पाहिलं नव्हतं!

पहिल्या दिवशीचे पाव मात्र करपले. नेहमीएवढं लाकूड घातलं, आणि त्या आचेत पावांचे कोळसे. आता निम्म्याहून कमी घालतो. शेकोटीला बोलवावं आणि वणवा यावा, तसं तुझं लाकूड आहे.

आणि पाहुण्यासारखं ठेव म्हणालास ना? अरे, आमच्या सासूबाईंना मिळाली नाही ती जागा दिलीय. पीठ फुगायला ठेवतो ती आतली खोली, घरातली सगळ्यात उबदार! पिठाची घमेली एका अंगाला सरकवली आणि अख्खी भिंत तुझ्या लाकडाला दिली. थंडीत पाय शेकायला मी स्वतः तिथे बसते, आता तुझं लाकूड बसलंय. काळजी करू नको.

वहिनीला सांग, मासळीचा वास अजिबात येत नाही. मांजर एकच आलं, तेही नेहमीचंच.

ताई

१८ मार्च

ताई,

तुझं पत्र घरात वाचलं, मग वखारीत वाचलं, मग समोरच्या लोहाराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आता बास, पाठ झालं."

पीठ फुगवायच्या खोलीत जागा दिलीस! असा मान मिळायला नशीब लागतं. बायको म्हणते, "लाकूड तिथे गेलंय, तुम्ही का फुगताय?" म्हणू दे.

लाकूड कमी लागतं ते बरोबरच आहे. आता आगीला पाणी उकळायचं काम उरलं नाही, सगळी आच पावाला. भावोजींना सांग, थोडं थोडं घाला आणि हवेची वाट मोकळी ठेवा. आग कोंडली तर वाळलेलं लाकूडही धूर काढतं.

मी दुसऱ्या डब्याचं ठरवून टाकलंय. पहिल्यात नवीन खेप भरली. ताई, तुमची भट्टी वाचली म्हणून समज!

खटपट्या

३१ मार्च

खटपट्या,

सगळे बरे आहेत. लाकूड छान आहे. कामाची गडबड फार, म्हणून दोनच ओळी.

एक सहज विचारते. लाकूड ठेवून ठेवून मऊ पडतं का रे? म्हणजे पापडासारखं? सहजच विचारलं. दुसऱ्या डब्याची घाई करू नको, तब्येतीला जप.

ताई

२ एप्रिल

खटपटराव यांस,

धूर येतोय. पूर्वीएवढा नाही, पण येतोय आणि रोज वाढतोय. तुम्ही दुसऱ्या डब्याचं लिहिल्यापासून हिला तुम्हाला सांगवत नाही. वरच्या बाईंनी परवा खिडकी आपटली. तपासणी वीसला आहे. काय करायचं ते कळवा. मी लिहिलं हे हिला सांगू नका.

लाकूड सुरुवातीला फार चांगलं होतं.

भावोजी

५ एप्रिल

ताई,

भावोजींनी मला पत्र लिहिलं हे तुला सांगू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून मी ते सांगत नाही.

लाकूड पापडासारखं मऊ पडतं का म्हणे! तू लहानपणी माझा पतंग फाडून असाच आवाज काढायचीस, "सहज विचारते, कागद आपोआप फाटतो का रे?" अगं, धूर येतोय तर धूर येतोय म्हण. मला लाडू नको, आकडा हवा.

पत्र वाचलं तसा उठलो आणि त्याच खेपेचे ठेवून घेतलेले तुकडे काढले. एकेक फोडला. बायको दारात उभी राहून म्हणाली, "चूल पेटवायचीय की राग काढायचाय?" दोन्ही, म्हटलं. सगळे आतून बारा-तेरा. एकही तुकडा खोटा निघाला नाही. मग तुमच्याकडेच असं काय झालं? मला जेवण गोड लागत नाहीये.

सोबत यंत्र पाठवतोय. दोन सुया आहेत, आधी तुकड्याला बाहेरून टोचायच्या आणि आकडा लिहायचा. मग तो तुकडा मधोमध फोडायचा आणि लगेच आतल्या ताज्या अंगाला टोचायच्या. लगेच! चहा पिऊन आल्यावर नव्हे. वेगवेगळ्या थरांतले तुकडे घे, नुसते वरवरचे नको.

ओल कुठे आहे ते कळलं की ती कुठून आली तेही कळेल. आणि दोष माझ्या डब्याचा निघाला तर मी स्वतः येऊन तपासणीच्या बाईंपुढे उभा राहीन.

खटपट्या

९ एप्रिल

खटपट्या,

यांना मी आधी चांगलं फैलावर घेतलं. "चोरून पत्रं लिहिता या वयात!" तर म्हणतात, "तुझ्याच भावाला लिहिलं."

तुझं यंत्र आलं. मी टोचत होते, हे फोडत होते. बाहेरून चोवीस, काहींना सव्वीस. आतून तेरा. सगळ्या थरांत तेच. आम्हाला वाटलं यंत्रच बिघडलं. हे सुया स्वतःच्या तळहाताला टोचून बघायला निघाले होते, मी हात धरला.

आता खरं सांगते. पेटवलं की तुकडे आधी सुसू करतात, मग धुमसतात, मग कुठे जाळ धरतात. काल विजेच्या भट्टीचा माणूस येऊन मापं घेऊन गेला. यांनी त्याला चहा दिला. यांनी आशा सोडली की हे माणसाला चहा देतात. बाबा गेले तेव्हा डॉक्टरांना दिला होता.

तुझं लाकूड खोटं निघालं असेल तरी मला राग नाही. तू इतका नाचत होतास की माझ्याने सांगवेना. पण दिवस थोडे राहिलेत रे. काहीतरी कर.

ताई

११ एप्रिल

ताई! ताई! ताई!

बाहेर चोवीस आणि आत तेरा! तुला यातलं उलटं दिसलं नाही? कच्चं वाळलेलं लाकूड बाहेर कोरडं आणि आत ओलं असतं. तुझं आहे आत कोरडं आणि बाहेर ओलं. म्हणजे ते वाळलेलं होतं, गाभ्यापर्यंत वाळलेलं होतं, आणि तुझ्याकडे येऊन पाणी प्यायलं!

कुठून प्यायलं? मी वखारीत येरझाऱ्या घालत होतो. बायको म्हणाली, "ताईंनी ठेवलंय कुठे?" म्हटलं, मानाने ठेवलंय, पीठ फुगवायच्या... आणि तसाच पत्र लिहायला बसलो.

ती खोली उबदार आहे, कबूल. पण पीठ सुकू नये म्हणून तुम्ही तिथे काय करता? घमेल्यांवर ओली फडकी टाकता. कोपऱ्यात उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवता. खिडकीला चिंध्या कोंबता. भिंतींना घाम फुटलेला असतो! ज्या हवेला मी पंखे लावून डब्याबाहेर हाकलतो, नेमक्या त्याच हवेत तू माझ्या लाकडाला आणून बसवलंस आणि वर पाहुणचार केलास. तू ऊब बघितलीस, मी मान बघितला. दोघांनीही ओल बघितली नाही! लोहाराला मी ते पत्र वाचून दाखवलं गं. आता त्याला हेही सांगावं लागणार.

आता नीट ऐक. हे पाणी वरवरचं आहे, फार खोल गेलेलं नाही. आलं तसं जाईल. नवीन लाकूड मी पाठवू शकत नाही. डब्यातली खेप अर्धवट आहे. शेगडी भडकवून ती बाहेरून खडखडीत करता येईल, बघणाऱ्याला कळणारही नाही. भट्टीला मात्र पहिल्याच मिनिटाला कळेल. म्हणून घाई करणार नाही. आहे तेच लाकूड सावरायचं.

भट्टीच्या मागे ती बोळकांडी आहे ना, भावोजी दुपारी खाट टाकतात ती? तिथली हवा गरमही आहे आणि कोरडीही. खाट काढा. भावोजींची माफी मी मागतो. खाली फळ्या टाका. लाकूड भट्टीच्या भिंतीपासून हातभर लांब रचा, चिकटवू नका, आग लागेल. तुकड्यांत फटी ठेवा. एका टोकाला पंखा लावा आणि दुसऱ्या टोकाची खिडकी उघडी ठेवा. उघडी! ऊब जाते म्हणून लावून घेतलीस तर तिथेही पीठ फुगवायची खोली होईल. रात्री लाकडाजवळ कुणीतरी असू द्या.

रोज बाहेरून टोच. अठराच्या खाली उतरलं की माझी काळजी मिटली. हे पत्र मालगाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, टपालावर आज माझा भरवसा नाही.

खटपट्या

२० एप्रिल

खटपट्या,

हात पिठाचे आहेत, कागद खराब झाला तर होऊ दे.

तुझ्या ड्रायव्हरने पत्र दिलं त्याच दुपारी सगळं लाकूड हलवलं. खाट यांनी स्वतःच काढली. तिथेच खुर्ची टाकून रात्र रात्र लाकडाकडे बघत बसले. मी एकदा सवयीने खिडकी लावायला गेले तर केवढ्याने ओरडले! "उघडी म्हणालाय ना तो!" मला भारी वाटलं, खरं सांगते. माझ्या भावाचा शब्द यांनी असा कधी धरला होता? रोज टोचत होतो. काल संध्याकाळी सोळा. दोन तुकडे आपटून बघितले, टण! हे हसले. मी तुकडे पुन्हा आपटले, हे पुन्हा हसले.

सकाळी तपासणीच्या बाई आल्या. छोट्याशा, चष्मा, पायांत धावायचे बूट. आल्या आल्या गल्लीत उभ्या राहून धुराड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पेटवा."

"पेटलीय की."

"हे बघा बाई, मी आज सकाळपासून दोन ठिकाणी हेच ऐकलंय." असं म्हणून त्यांनी मला दंडाला धरून गल्लीत नेलं. "काही निघतंय का तिथून? तपासणी आहे म्हणून भट्टी बंद ठेवता आणि मला साफ धुराडं दाखवता. मी थांबते. सावकाश पेटवा. धूर बघितल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

इतके दिवस धूर दिसू नये म्हणून जीव टांगणीला, आणि आता दिसत नाही म्हणून ही बाई हलेना! हे आतून आले. त्यांना भट्टीपुढे नेलं आणि लोखंडी दार उघडलं. आत पिवळाधमक जाळ, पाव फुललेले. बाई अशा मागे सरकल्या की पिठाच्या पोत्यावर बसल्याच.

"अगं बाई! ही तर चालू आहे!"

"हो," हे म्हणाले.

"जाळता काय तुम्ही?"

"लाकूड."

"नुसतं लाकूड?"

"वाळलेलं."

पाठीमागचं पीठ न झटकताच त्या पुन्हा बाहेर पळाल्या. मीही पळाले. धुराड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती, मागची विजेची तार तिच्यातून वाकडीतिकडी दिसत होती. बाई किती वेळ बघत होत्या. मग तिथेच भिंतीला कागद लावून सही केली. भट्टी चालू राहणार, खटपट्या! चालू! यांनी त्यांना चहा दिला नाही. पाव दिला, गरम.

मग वेगळंच संकट. पाव रचून ठेवले, दार उघडलं, आणि गिऱ्हाईकच नाही. गल्ली रिकामी. फळ्या भरल्या, टोपल्या भरल्या, कुणी फिरकेना. इतक्यात वरच्या बाई धाडधाड जिना उतरून आल्या, हातात रिकामी पिशवी.

"आज पाव नाही?"

"आहे की. केव्हाचा आहे."

"मग धूर कुठाय?" माझ्यावरच खेकसल्या! "धूर दिसला की आम्ही समजतो पाव झाला. आज वर बघावं तर काही नाही, त्यात ती तपासणीची बाई येऊन गेलेली. सगळी गल्ली म्हणतेय, सील ठोकलं. माझ्याकडे बघतात असं, जणू मीच त्यांच्या पोरांच्या तोंडचा घास काढला!"

"तक्रार तुम्हीच केली होती."

"धुराची केली होती! पावाची केली होती का?"

यांनी त्यांच्या पिशवीत पाव भरले. बाईंनी एक मोडून तोंडात टाकला, जिभेला चटका बसला, आणि तशाच फुंकर घालत गल्लीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. आता ओरडताहेत, "अहो, भट्टी चालू आहे! पाव झालाय! धुराची वाट बघत बसू नका!" दोन वर्षं हा आवाज आमच्याविरुद्ध ऐकला. आमच्या बाजूने तो अख्ख्या गल्लीला पुरतोय.

हे हाका मारताहेत, दुकानात उभं राहायला जागा नाही. तुझी खेप वाळेल तेव्हाच पाठव, आधी नको.

ताई